भावाची सरासरी नेमकी कोणाची?

गावाकडच्या घरात वर्तमानपत्राचं एक पान राजकारणाच्या आधी उघडलं जातं. बाजारभावाचं पान. बाजार समितीचं नाव, मालाची जात, आवक किती क्विंटल, आणि मग तीन आकडे: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आता हेच आकडे कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पण तक्त्याची रचना तीच राहिली आहे. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला हा तक्ता चटकन ओळखू येतो. किमान, कमाल आणि बहुलक ही वर्णनात्मक संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातली मापं. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला, तो दर. आमच्या निफाड तालुक्यात फारशी शाळा न शिकलेली माणसंसुद्धा हे तीन आकडे बघून ठरवतात, की उद्या ट्रॉली भरायची की कांदाचाळीत साठवलेला कांदा आणखी आठवडाभर धरून ठेवायचा.

मला या तक्त्याबद्दल मनापासून आदर आहे. बाजार समितीच्या आवारात एका दिवसात शेकडो वाहनं उभी असतात. व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येतात, कांदा हातात घेऊन बघतात, बोली लागते, भाव पुकारला जातो, पुढची ट्रॉली. गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव वेगळा, भिजलेल्या मालाचा वेगळा, एकसारख्या गोल लाल कांद्याचा वेगळा. हा सगळा गलका तीन आकड्यांत आणायचा म्हणजे बरंच काही सोडून द्यावं लागतं, आणि तरीही जे उरतं ते खोटं असून चालत नाही. हे काम अवघड आहे आणि त्याला पुरेसा मान मिळत नाही. हल्ली सगळा मान भाकिताला. पुढच्या महिन्यात भाव काय असेल हे सांगणाऱ्याभोवती गर्दी जमते; गेल्या महिन्यात भाव नेमका काय होता हे नीट सांगणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. मला मात्र दुसरा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचं सगळं भांडवल दुसऱ्याकडूनच आलेलं असतं.

पुण्यात माझं पोट आकड्यांवरच चालतं, आणि रोजचं हत्यार आहे टर्मिनलची काळी खिडकी, जिथे कमांड टाइप करून संगणकाकडून काम करून घेतलं जातं. त्या खिडकीत मी सगळ्यात जास्त ज्याला हाक मारतो तो डेटामॅश नावाचा एक छोटा प्रोग्राम. असाफ गॉर्डन यांनी लिहिलेला, २०१४ पासून ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या छत्राखाली. फुकट मिळतो, लिनक्सवर एका ओळीत बसतो, चालवायला इंटरनेट लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही पळतो. ओळी आणि रकाने असलेली साधी मजकुराची फाइल त्याच्याकडे सोडायची आणि कोणत्या रकान्याचं कोणतं माप हवं ते सांगायचं. फोनवर सहकाऱ्याला सांगायचं झालं तर कमांड अशी सांगता येते: डेटामॅश, मीन तीन, मीडियन तीन, एसएसटीडेव्ह तीन. म्हणजे तिसऱ्या रकान्याची सरासरी, मध्यक (रांगेतला मधला आकडा) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). एंटर दाबलं की तीन आकडे एका ओळीत येतात. शीर्षक नाही, रंग नाही, आलेख नाही.

एक छोटी फाइल घेऊ. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, कोणत्याही खऱ्या बाजाराचे नाहीत. सोमवारी आवक १८,००० क्विंटल, दर १,१०० रुपये. मंगळवारी १५,००० आणि १,३००. बुधवारी १२,००० आणि १,५००. गुरुवारी ४,००० आणि २,१००. शुक्रवारी फक्त १,००० क्विंटल आणि दर २,५००. पहिल्या रकान्यात वार, दुसऱ्यात आवक, तिसऱ्यात दर. वरची कमांड दिली की उत्तर येतं: १७००, १५००, ५८३.०९५१८९४८४५३. कांद्याच्या भावाला दशांश चिन्हानंतर अकरा आकडे कोणालाच नको असतात, त्यासाठी राउंडचा पर्याय आहे. पण मला ते अकरा आकडे एकदा बघायला आवडतात. यंत्राने स्वतःहून काही झाकलेलं नाही एवढं त्यातून कळतं. किती आकडे ठेवायचे हे आपण ठरवायचं.

प्रमाण विचलनाच्या नावाच्या सुरुवातीला लागलेला तो ‘एस’ही असाच आपल्याला थांबवून विचारतो. डेटामॅशमध्ये ‘एस’ लावला तर सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज दिवसांच्या संख्येतून एक कमी करून, म्हणजे चारने, भागली जाते, म्हणजे हातातले पाच दिवस हा एका मोठ्या हंगामाचा नमुना आहे असं धरलं जातं. ‘पी’ लावला तर पाचनेच भागलं जातं, म्हणजे हे पाच दिवस हेच आपलं सगळं जग. याच आकड्यांवर पहिलं उत्तर ५८३ येतं आणि दुसरं ५२१ आणि वर थोडं. नुसतं ‘प्रमाण विचलन’ मागता येईल असा शब्दच या प्रोग्राममध्ये ठेवलेला नाही. तुम्हाला आधी सांगावं लागतं की तुमच्या समोरचे आकडे म्हणजे सगळं की थोडं.

प्रत्यक्ष कामात मात्र इथवर पोचायच्या आधीच बराच वेळ जातो, आणि मराठी माणसासाठी त्यात एक खास अडचण आहे. आपल्याकडच्या याद्यांमध्ये आकडे पुष्कळदा देवनागरीत असतात. आपण १२०० वाचतो तेव्हा डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण डेटामॅशला तो अंक वाटतच नाही. तो तिथेच थांबतो आणि सांगतो की अमुक ओळीच्या अमुक रकान्यात अवैध अंक आहे. इंग्रजी अंक असले पण हजारांमध्ये स्वल्पविराम असला, तरी तेच. चिडचिड होते खरी, पण हे थांबणं फार मोलाचं आहे, कारण मजकुराच्या फाइली ओळीओळीने चाळणारं दुसरं जुनं हत्यार, ऑक, इथे अजिबात थांबत नाही. देवनागरी १२०० त्याला साधा मजकूर वाटतो आणि मजकुराची किंमत तो मुकाट शून्य धरतो. स्वल्पविराम घातलेल्या १,१०० मधला तो फक्त पहिला १ घेतो. बेरीज होते, भागाकार होतो, उत्तर येतं, आणि त्यावर कोणतीही खूण नसते. म्हणून अनोळखी फाइल आली की मी ती आधी डेटामॅशसमोर धरतो. त्याने कुरकुर केली नाही की मग पुढचं.

देवनागरी अंक बदलायला सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रामची ‘वाय’ ही आज्ञा पुरते: शून्य ते नऊ देवनागरीत, मग शून्य ते नऊ इंग्रजीत, जोडीला जोडी. पुष्कळ जण आधी टीआर हा अक्षरं बदलणारा दुसरा प्रोग्राम वापरून बघतात, पण ग्नूचं टीआर एकेका बाइटवर चालतं आणि आपला प्रत्येक अंक यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचा असतो, त्यामुळे तिथे सगळा चुथडा होतो. हे इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण असं, की मराठी याद्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो आणि मराठीत तो कुठे लिहून ठेवलेला सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. एका हंगामाच्या शेवटी आमच्या भावकीच्या ग्रुपवर कुठल्याशा अहवालातला एक आकडा आला: या हंगामातला कांद्याचा सरासरी दर. माझे चुलते आयुष्यभर कांदा पिकवत आले आहेत. त्यांनी तो वाचला आणि मला फोन लावला.

“हा भाव कोणाला भेटला रे? आपल्या आळीत तर एकालाबी नाही.”

“काका, तो सगळ्या दिवसांच्या दरांचा सरासरी आकडा आहे.”

“दिवसांचा? दिवस काय कांदा विकतात का?”

मी वरची पाच ओळींची फाइल तेव्हाच बनवली, फोन कानाला असतानाच. १,७०० हा दिवसांचा सरासरी दर आहे. त्यात शुक्रवारच्या एक हजार क्विंटलला तेवढंच वजन आहे, जेवढं सोमवारच्या अठरा हजारांना. पण एकूण ५०,००० क्विंटलांपैकी ४५,००० क्विंटल पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे १,५०० किंवा त्याहून कमी दराने गेले आहेत. आवक जास्त त्या दिवशी भाव उतरतो, कमी त्या दिवशी चढतो. नेहमीच नाही, पण पुष्कळदा. त्यामुळे दिवसांची सरासरी घेतली की चढा भाव मिळवलेल्या थोड्या मालाचा आवाज विनाकारण मोठा होतो. कांद्याची सरासरी काढायची तर प्रत्येक दिवसाचा दर त्या दिवसाच्या आवकेने गुणायचा, सगळी बेरीज करायची आणि एकूण आवकेने भागायची. त्यासाठी ऑकची एक ओळ लागते: दुसरा गुणिले तिसरा हे एका बेरजेत टाक, नुसता दुसरा दुसऱ्या बेरजेत टाक, ओळी संपल्या की पहिलीला दुसरीने भाग. उत्तर १,३६४.

१,७०० आणि १,३६४. फरक क्विंटलमागे ३३६ रुपये. वीस क्विंटलच्या ट्रॉलीला ६,७२० रुपये. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पहिला विचारतो की हंगामातला कोणताही एक दिवस उचलला तर त्या दिवशी सर्वसाधारण दर काय असेल. दुसरा विचारतो की विकलेल्या एका क्विंटलला काय मिळालं. काकांचा प्रश्न दुसरा होता आणि उत्तर पहिल्याचं छापलं गेलं होतं. ज्याच्याकडे चाळ आहे, जो माल रोखून धरू शकतो आणि आवक घटलेल्या दिवशी विकू शकतो, त्याला १,७०० च्या जवळचा भाव खरोखर मिळतो. ज्याला मुलीच्या फीसाठी किंवा खतवाल्याची उधारी फेडण्यासाठी सोमवारीच ट्रॉली उभी करावी लागते, त्याला १,१००. सरासरी कोणती निवडायची यात हे सगळं आलं. कुणाच्या बाजूने मोजायचं हे आधी ठरतं, भागाकार नंतर होतो.

हे स्प्रेडशीटमध्ये करता येत नाही असं मुळीच नाही. सहज येतं, आणि मीही कधी कधी तिथेच करतो. पण तिथे सूत्र घराच्या (सेलच्या) मागे दडलेलं असतं. छापून आलेल्या आकड्याबरोबर ते येत नाही. ऑकची ती ओळ मी काकांच्या मुलाला मेसेजमध्ये पाठवली. तो कृषी पदविका झालेला आहे, संगणकाचा नाही, तरी त्याने ती वाचली आणि विचारलं, “दादा, दोननं गुणलं म्हणजे आवकेनं ना?” कमांड आणि फाइल दोन्ही त्याच्याकडे होती, मी काय केलं हे त्याला माझ्या शब्दावर मानायची गरज नव्हती.

या हिशोबाचा एक गुण मला फार आवडतो. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची आमच्या भागात जुनी प्रथा होती, शिवाय दिवाळीच्या सुट्ट्या, कधी व्यापाऱ्यांचा बंद, कधी हमाल-मापाऱ्यांचा. अशा दिवसांसाठी काही याद्यांमध्ये ओळच नसते, आणि काहींमध्ये असते: आवक शून्य, दर शून्य. ती शून्यं दिवसांच्या सरासरीत शिरली की भाव पडल्यासारखा दिसतो, मध्यकही खाली सरकतो, किमान दर तर थेट शून्य होतो. आवकेने गुणून काढलेल्या सरासरीला मात्र धक्का लागत नाही. शून्य क्विंटलला शून्य वजन. बंद दिवस आपोआप हिशोबाबाहेर राहतो. डेटामॅशला ‘एन ए’ लिहिलेल्या जागा वगळायला सांगता येतं, पण शून्य म्हणजे ‘नाही’ की खरोखरचा शून्य, हे त्याला कधीच कळणार नाही. ते यादी भरणाऱ्याला ठाऊक असतं आणि यादी वाचणाऱ्याने विचारायचं असतं.

काय मोजलं यावर सरासरी किती हलते, हे आपल्याच मातीतल्या एका माणसाने शेतात उभं राहून दाखवलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, जन्म १९११. १९४० च्या दशकात पिकाचं उत्पन्न मोजण्यासाठी शेतात नमुन्याचा तुकडा आखून तेवढं पीक कापायचे प्रयोग देशभर सुरू होते. तुकडा किती मोठा घ्यायचा, यावर सुखात्मे आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. लहान तुकड्यात काम लवकर उरकतं, खर्च कमी येतो. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगतं. कारण साधं होतं: तुकड्याच्या हद्दीवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर, या संभ्रमात कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका हद्दीचा वाटा मोठा. बेरीज-भागाकार चोख, कापणाराही प्रामाणिक, आणि तरी सरासरी चढी. सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, जगाच्या भुकेचे आकडे मांडले, उतारवयात पुण्यात परतले. पण मला त्यांची आठवण येते ती तुकड्याच्या हद्दीवरच्या त्या एका ताटासाठी.

‘कोणाची’ याच्या जोडीला ‘केव्हाची’ हाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ४ मे २०२४ ला ती उठवली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. त्याच्या आधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसलेलं होतंच. या वर्षभराची एकच सरासरी काढली तर ती कोणत्याच बाजाराची नसते. शुल्काआधीचा बाजार वेगळा, बंदीतला वेगळा, बंदीनंतरचा वेगळा, आणि त्यात लाल कांदा आणि उन्हाळ कांदा हा फेर आहेच. अशा वेळी फाइलमध्ये एक रकाना वाढवायचा, त्यात टप्प्याचं नाव लिहायचं, आणि डेटामॅशला सांगायचं की आधी लावून घे, मग त्या रकान्याप्रमाणे गट कर, मग गटागटाचं माप काढ. ‘लावून घे’ हे सांगणं विसरून चालत नाही, कारण तो ओळी वरून खाली एकदाच वाचत जातो आणि नाव बदललं की गट संपला असं समजतो. विस्कटलेल्या फाइलवर एकाच गटाचे चार तुकडे होऊन येतात.

एकदाच वाचत जाणं ही या सगळ्या हत्यारांची घराण्याची रीत आहे. ते घराणं अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब या संशोधन प्रयोगशाळेचं. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, गरज पडली की आणखी एक तुकडा फिरवून बसवायचा. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीत ते प्रत्यक्षात आणलं, आणि तीच आपण रोज टाइप करतो ती उभी रेघ, म्हणजे पाइप. एकीकडून सेडने अंक बदललेली फाइल निघते, रेघेतून डेटामॅशकडे जाते. १९७७ मध्ये अ‍ॅहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी ऑक लिहिलं; तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजेच त्याचं नाव.

त्याच बेल लॅबमध्ये तेव्हा संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी होते. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवायचे आणि इथेही काम करायचे. संगणकातल्या शून्य किंवा एकासाठीचा बिट हा शब्द त्यांनी दिलेला. आकड्यांवरून निष्कर्ष काढायच्या आधी आकडे नुसते नीट बघा, हे ते आयुष्यभर सांगत राहिले, आणि त्या विषयावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तकही नेमकं १९७७ मध्येच आलं. त्यांनी कोणत्याही रकान्याचं वर्णन पाच आकड्यांत करायला सांगितलं: किमान, पहिलं चतुर्थक, मध्यक, तिसरं चतुर्थक, कमाल. सगळे आकडे चढत्या क्रमाने रांगेत उभे करायचे. रांगेच्या पाव वाटेवर जो उभा आहे तो पहिलं चतुर्थक, मधला तो मध्यक, पाऊण वाटेवरचा तो तिसरं. मधल्या अर्ध्या रांगेला किती जागा लागली हे पहिल्या आणि तिसऱ्याच्या अंतरावरून कळतं. सरासरीसाठी प्रोग्रामला फक्त बेरीज आणि मोजणी लक्षात ठेवावी लागते, ओळ वाचली की विसरली तरी चालते. मध्यकासाठी आणि चतुर्थकांसाठी मात्र प्रत्येक आकडा धरून ठेवावा लागतो आणि सगळ्यांना रांगेत आणावं लागतं. कोणालाही विसरता येत नाही. मला हे माप अधिक न्यायाचं वाटतं, ते यासाठीही.

चतुर्थकांबाबत एक सावधगिरी, कारण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा इथे हमखास गोंधळ उडतो. आपल्या अकरावी-बारावीच्या रीतीप्रमाणे निरीक्षणांच्या संख्येत एक मिळवून चारने भागायचं आणि त्या जागेवरचा आकडा घ्यायचा. आपल्या पाच दरांना हे लावलं तर दीडवी जागा येते, म्हणजे १,१०० आणि १,३०० च्या मधोमध, १,२००. तिसरं चतुर्थक २,३००. डेटामॅश मात्र १,३०० आणि २,१०० सांगतो. दोघंही बरोबर आहेत. चतुर्थक काढायच्या अशा नऊ रीती हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये एका लेखात एकत्र मांडल्या. डेटामॅश सातवी पाळतो, संख्याशास्त्रासाठीच्या आर या संगणकी भाषेची नेहमीचीही तीच, आणि आपली शाळेतली सहावी. आकडे शेकड्यांनी असले की फरक नगण्य होतो. पाच असले की असा डोळ्यांत भरतो. अशा वेळी रीत कोणती ते लिहून टाकावं.

आता पुन्हा लिलावाच्या आवारात जाऊ, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिथलंच आहे. समजा दोन दिवस आहेत. दोन्ही दिवशी कमीत कमी दर ५००, जास्तीत जास्त २,५००, सर्वसाधारण १,५००. तक्त्यात दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या. पण पहिल्या दिवशी निम्म्या ट्रॉल्या १,४०० ते १,६०० मध्ये गेल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी ८०० ते २,२०० मध्ये. पहिल्या दिवशी घरून निघालेल्या शेतकऱ्याला काय मिळणार याचा बराचसा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं नशीब वेगळं होतं: माल कसा, ट्रॉली रांगेत कुठे, बोलीला किती जण आले. छापलेल्या तीन आकड्यांतून हा फरक कधीच कळत नाही. कमीत कमी दर एका खराब ट्रॉलीने ठरतो, जास्तीत जास्त दर एका उत्तम ट्रॉलीने. दोन टोकाच्या ट्रॉल्यांवरून हजारो क्विंटलांचा अंदाज बांधायची पाळी येते. काका हे वर्षानुवर्षं अनुभवाने भरून काढत आले आहेत. “दोन हजारांवर छापलंय ना, म्हणजे आपल्याला चौदाशे,” असं ते म्हणतात. नव्याने शेतीत आलेल्या मुलाकडे तो अनुभव नसतो, आणि तो नसल्याची किंमत त्याने का मोजावी?

यासाठी नवं काही गोळा करायला लागत नाही. प्रत्येक ट्रॉलीचा पुकारलेला भाव आणि काट्यावरचं वजन हिशोबपट्टीवर येतंच. दिवसाच्या शेवटी त्या भावांचा एक रकाना असतो. त्यावर डेटामॅशची एक ओळ: मिन, क्यू-वन, मीडियन, क्यू-थ्री, मॅक्स. पाच आकडे.

रांग ट्रॉल्यांची लावायची की क्विंटलांची, हा काकांचाच प्रश्न इथे पुन्हा येतो. आठ क्विंटलचा पिकअप आणि पंचवीस क्विंटलची ट्रॉली एकाच मापाने मोजायची का? मला वाटतं, सरासरी क्विंटलांची असावी, कारण तालुक्यात एकूण पैसा किती आला हे तिच्यातून कळतं. चतुर्थकं मात्र वाहनांचीच असावीत, कारण लिलावात एक माणूस एक वाहन घेऊन उभा असतो आणि त्याचा प्रश्न स्वतःपुरता असतो: माझ्यासारख्या किती जणांना किती मिळालं? पिकअपवाला लहान शेतकरी त्या रांगेत मोठ्या ट्रॉलीइतकाच मोजला जातो, आणि तो तसाच मोजला जावा असं मला वाटतं.

आमच्याकडच्या एका समितीच्या सचिवांना मी हे सगळं लिहून पाठवलं आहे. कमांडची ओळ, बनवलेल्या आकड्यांची नमुना फाइल, त्यातून आलेला तक्ता, चतुर्थकाची रीत कोणती वापरली त्याची एका वाक्याची नोंद. देवनागरी अंक बदलायची सेडची ओळही सोबत जोडली, कारण त्यांची नोंदवही मराठीत आहे. रोजच्या फलकावर यामुळे तीन रकाने वाढतील: मध्यक आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन. सर्वसाधारण दर आहे तिथेच राहील. लोकांना तो ओळखीचा आहे आणि त्याचंही स्वतःचं काम आहे. सचिवांचा उलट निरोप आला की एका आठवड्याचे आकडे आधी तुम्हीच करून दाखवा, मग संचालक मंडळापुढे ठेवू. पट्ट्यांचे फोटो यायला सुरुवात झाली आहे. अक्षर सुवाच्य आहे, अंक देवनागरीत आहेत, आणि काही पट्ट्यांवर वजन किलोत तर काहींवर क्विंटलमध्ये लिहिलेलं आहे. भाव सगळीकडे क्विंटलचाच आहे, त्यामुळे चतुर्थकांना अडचण नाही. सरासरीसाठी वजनं आधी एका मापात आणावी लागतील. ते काम या रविवारी काकांच्या मुलाबरोबर बसून करायचं ठरलं आहे.